भंडाऱ्याची पितळ आणि जुनी फुंकवाद्ये

स्मरणिकेच्या दरवर्षीच्या अंकात आपल्या ज्ञातीच्या उत्पत्तीची कथा, कुलस्वामिनीची माहिती व समाजातील कर्त्या पुरुषांची चरित्रे येत असतात, आणि ती यावयास हवीतच. तथापि ज्या व्यवसायाने आपणास 'कासार' हे नाव दिले, त्या व्यवसायाच्या इतिहासाचे एक अंग आजवर दुर्लक्षित राहिले आहे असे आम्हास वाटते. भांड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याच धातूतून, त्याच हातोडीखाली व त्याच झाळीने जी वाद्ये घडली, दुरुस्त झाली आणि अखेर मोडीत निघाली, त्यांच्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही जुनी पितळी वाद्ये मिळवून ती पुन्हा वाजती करण्याचा छंद लावून घेतला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. संशोधक म्हणवून घेण्याचा आम्हास अधिकार नाही. पण जी नऊ वाद्ये आजवर आमच्या हाताखालून गेली, त्यांनी आम्हास जो इतिहास शिकविला तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

नाव आणि धातू

आपल्या जिल्ह्याच्या नावातच आपला धंदा दडलेला आहे असे मानण्याचा प्रघात आहे. 'भाणे' म्हणजे पितळेचे ताट, व त्यावरून 'भंडारा', अशी व्युत्पत्ती ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरात नमूद आहे. रतनपूर येथील सुमारे इ. स. ११०० च्या शिलालेखात 'भानारा' असा उल्लेख सापडतो, तो ह्याच स्थानाचा असे समजतात. व्युत्पत्तीचा वाद पंडितांनी मिटवावा. एवढे मात्र निश्चित की, भंडारा म्हणजे पितळेचे गाव ही ओळख शंभर वर्षांपूर्वीही होती व आजही ती पुसली गेलेली नाही. आपल्या ज्ञातीचे नाव 'कांस्यकार' ह्या संस्कृत शब्दापासून आले. रसेल व रायबहादूर हिरालाल ह्यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही कासारांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

ह्या भागाचा तांब्याशी संबंध तर त्याहूनही कितीतरी प्राचीन आहे. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात (हा जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी व मंडला ह्यांचे भाग तोडून बनविण्यात आला) गुंगेरिया नावाचे खेडे आहे. तेथे १८७० साली गुराख्या मुलांना जमिनीतून काही तरी वर आलेले दिसले. उकरून पाहता तांब्याची ४२४ हत्यारे व चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. तांब्याचेच वजन आठशे पौंडांच्या वर भरले. वैनगंगेच्या खोऱ्यात हजारो वर्षांपूर्वी माणसे तांबे वितळवीत होती, ह्याचा ह्याहून बळकट पुरावा कोणता हवा? त्याच जिल्ह्यातील मलाजखंड येथे आज भारतातील तांब्याची एक मोठी खाण आहे.

तांबे व कथील ह्यांचे कांसे होते, तर तांबे व जस्त ह्यांची पितळ. कांसे ठणठणीत पण ठिसूळ. घंटा व झांजा त्याच्या. पितळ मऊ, लवचिक व ठोकून वाढणारी. तिची नळी वळते, तिचा पत्रा पसरतो. परंतु पितळ करणे हे मोठे चातुर्याचे काम होते. तांबे सुमारे १०८५ अंशांवर वितळते, आणि जस्त तर ९०७ अंशांवरच वाफ होऊन उडून जाते. वितळलेल्या तांब्यात जस्त टाकावे तो ते धूर होऊन निघून जावयाचे! ही उडती वाफ पकडून जस्त वेगळे काढण्याची विद्या राजस्थानातील जावर येथे कित्येक शतकांपूर्वी मोठ्या प्रमाणावर चालत होती, आणि युरोपला ती पुष्कळ उशिरा साधली. मुशीचे तोंड झाकून, वर कोळशाचा थर देऊन पितळ गाळणारे आमचे आजे-पणजे रसायनशास्त्र शिकले नव्हते. पण जस्त कसे राखावे हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

शिंग, कर्णा व तुतारी

फुंकून वाजवावयाचे पितळी वाद्य आपणास परके नाही. देवळाच्या नगारखान्यातील कर्णा, पालखीपुढे वाजणारे शिंग, स्वागताची तुतारी ही सर्व ह्याच कुळातील. शिंगाचा आकार बैलाच्या शिंगासारखा वळलेला, तर कधी दोन वळणे उलटसुलट जोडलेला. ते एकसंध नसते. पत्र्याच्या लहान लहान निमुळत्या नळ्या करून त्या एकीत एक बसवितात, झाळतात आणि सांध्यावर फुगीर गाठ चढवितात. पाहणारास ती गाठ केवळ शोभेची वाटते. प्रत्यक्षात ती सांधा झाकते, त्यास बळकटी देते, आणि वाद्य हातातून निसटू नये म्हणून पकडही देते. उपयोग आणि शोभा एकाच ठोक्यात साधण्याची ही रीत आपल्या घागरीच्या गळ्यावरही दिसते.

ह्या वाद्यांची मर्यादा मात्र समजून घेतली पाहिजे. वादकाचे ओठ थरथरतात व त्या थरथरीने नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो. एका ठराविक लांबीची नळी काही ठराविकच स्वर देते: षड्ज, पंचम, वरचा षड्ज, त्यावरचा गंधार, पुन्हा पंचम. ओठ आवळून वर जाता येते, पण मधले स्वर मिळत नाहीत. म्हणून तुतारीवर ललकारी होते. गाणे होत नाही. रणांगणावर, दरबारात वा देवळात ललकारीच हवी असते, तेव्हा आपल्या पूर्वजांना ही मर्यादा कधी बोचली नसावी.

विलायती बँडचे आगमन

इतिहासातील योगायोग कधी कधी मोठे विलक्षण असतात. १८१८ साली पुण्याची पेशवाई बुडाली, आणि नागपूरकर भोसल्यांचे राज्य नावापुरते उरून कारभार रेसिडेंट जेंकिन्स ह्यांच्या हाती गेला. त्याच १८१८ साली प्रशियात श्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल ह्या दोघा वादकांनी फुंकवाद्यास कळ बसविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. इकडे शिंगांचा आवाज मंदावला आणि तिकडे शिंगास गळा फुटला असे म्हणावयास हरकत नाही.

ही युक्ती अगदी साधी आहे. नळीच्या मार्गात तीन कळा बसवावयाच्या. कळ दाबली की हवेस जास्तीच्या एका लहान नळीतून वळसा घालून जावे लागते. नळी लांब झाली म्हणजे स्वर उतरतो. मधली कळ स्वर अर्ध्याने उतरविते, पहिली पूर्ण एका स्वराने, तिसरी दीड स्वराने. तीन कळांच्या मिश्रणाने सात निरनिराळ्या लांबीच्या नळ्या एकाच वाद्यात तयार होतात आणि सप्तकातील बाराही स्वर हाती येतात. पुढे १८४० च्या दशकात अदोल्फ साक्स ह्या कारागिराने लहानापासून प्रचंडापर्यंत एकाच घाटाच्या वाद्यांचे कुटुंबच पॅरिसमध्ये तयार केले. कॉर्नेटची नळी सुमारे साडेचार फूट, तर युफोनियमची बरोबर दुप्पट, म्हणून त्याचा स्वर एक सप्तक खाली. बँडमधील थोरली-धाकटी वाद्ये ही अशी गणिताने बांधलेली भावंडे आहेत.

मराठी राज्यकर्त्यांपैकी ह्या संगीताकडे प्रथम डोळसपणे पाहिले ते तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी. १७९८ ते १८३२ ह्या त्यांच्या कारकिर्दीत दरबारी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड होता. आपल्याकडे हे सूर आले ते लष्कराच्या वाटेने. नागपूरजवळ कामठी येथे १८२१ साली इंग्रजांनी छावणी घातली. भंडाऱ्याहून ती दोन दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेवर. पलटणींबरोबर बँड आले, आणि पुढे रेल्वे आल्यावर माणसे व माल ह्यांच्याबरोबर वाद्यांचा प्रवासही सोपा झाला. टाकाऊ ठरलेली लष्करी वाद्ये बाजारात येऊ लागली. छावणीत वाजविण्यास शिकलेली माणसे गावोगाव पांगली. आणि विसाव्या शतकात लग्नाच्या वरातीपुढे सनई-चौघड्याच्या जोडीला, पुढे त्याच्या जागी, बँड उभा राहिला.

देशी वाद्यनिर्मितीचे केंद्र मात्र दूर उत्तरेस मेरठ येथे झाले. तेथील जाली कोठी हा भाग आजही बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध आहे. नादिर अली आणि कंपनी ही तेथील जुनी पेढी १८८५ साली स्थापन झालेली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर निर्बंध आले, तेव्हा देशातील बँडवाल्यांची भिस्त मेरठवर राहिली. म्हणून आपल्या जिल्ह्यात जी वाद्ये सापडतात ती बहुधा दोन प्रकारची: मेरठची, किंवा त्याहून जुनी विलायती.

वाद्यावरील अक्षरे

विलायती वाद्याचे वय ओळखण्याची एक सोपी खूण आम्ही येथे सांगतो. लंडनच्या 'बूझी' व 'हॉक्स' ह्या दोन पेढ्या १९३० साली एक झाल्या. भोंग्यावर नुसते 'बूझी' असे कोरलेले असेल तर वाद्य १९३० पूर्वीचे. दोन्ही नावे एकत्र असतील तर त्यानंतरचे. आमच्याकडे आलेल्या एका कॉर्नेटवर एकच नाव आहे, म्हणजे ते शंभरीच्या घरातले.

त्याच कॉर्नेटने आम्हास दुसरा धडा दिला. दुरुस्ती होऊन ते वाजू लागले, तेव्हा घरच्या पेटीशी त्याचा स्वर काही केल्या जुळेना. सारखे चढेच लागे. दोष पेटीचा नव्हता, वाद्याचाही नव्हता. ब्रिटिश लष्करी बँडांचा स्वर पूर्वी आजच्यापेक्षा उंच असे. ज्या स्वरास आज सेकंदास ४४० कंपने धरतात, त्यास तेव्हा सुमारे ४५२ धरीत. म्हणजे जवळजवळ पाव स्वराचा फरक. १९३० च्या थोडे आधी लष्कराने तो खाली आणला. म्हणजे जे वाद्य आपणास बेसूर वाटते ते वस्तुतः आपल्या काळाशी प्रामाणिक असते. अशा वाद्याची मुख्य सरकती नळी थोडी बाहेर ओढावी व त्याच मानाने तिन्ही कळांच्या नळ्याही ओढाव्या, म्हणजे ते पुष्कळसे जुळते. तेवढ्याने भागले नाही तर जोडनळीचा एक तुकडा वेगळा करून घालावा, जो पुन्हा काढता येईल. मूळ नळी कापू नये. जे परत पूर्ववत करता येत नाही ते करू नये, हा नियम आम्ही सर्व कामात पाळला आहे.

परंतु आम्हास सर्वांत मोलाची वाटते ती निराळीच खूण. ह्याच कॉर्नेटच्या मोठ्या वळणावर एक ठिगळ आहे. ते वाद्याच्या पत्र्याचे नाही. भांड्याच्या पत्र्याचे आहे. त्याच्यावर मठारकामाचे बारीक गोल ठसे ओळीने उमटलेले आहेत, जसे आपल्या हंड्यावर वा घंगाळावर असतात. कोणा कासाराने फुटक्या भांड्याचा तुकडा कातरीने कापला, वळणाच्या अंगाने मोगरीने बसविला, आणि सवागी टाकून झाळला. सांधा आजही हवा सोडत नाही. लंडनच्या पेढीचे नाव भोंग्यावर मोठ्या अक्षरांत आहे. ह्या कारागिराचे नाव कोठेच नाही. पण ते वाद्य जर इतकी वर्षे वाजले असेल तर ते त्याच्या ठिगळामुळे. आमचे एक स्नेही म्हणाले, "गुरुजी, एवढे कुरूप ठिगळ काढून साफ नवीन नळी घाला की!" आम्ही ते काढले नाही. आपल्या ज्ञातीचा ह्या वाद्याच्या इतिहासातील तोच एकमेव दस्तऐवज आहे.

दुरुस्तीची रीत

ज्यांस हे काम करावेसे वाटेल अशा तरुणांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी लिहितो.

जुने वाद्य हाती आल्याबरोबर ते चिंच व राखेने घासावयास बसू नये. भांड्याचा पत्रा जाड असतो, वाद्याचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. राखेने तो झिजतो व कोरलेली अक्षरे पुसली जातात. प्रथम कोमट पाणी व साबण ह्यांनी आतून-बाहेरून धुवावे. अडकलेल्या कळा व सरकत्या नळ्या पकडीने ओढू नयेत. सांध्यावर गोडे तेल सोडून एक-दोन दिवस वाट पाहावी, मग थोडी ऊब द्यावी. बहुधा त्या सुटतात. चिंचेचा पातळ कोळ फार तर शेवटी, मऊ फडक्याने, आणि लगेच पाण्याने धुऊन टाकावा.

मग पत्रा उजेडात निरखावा. पिवळ्या पितळेवर तांबूस ठिपके दिसले तर तो मळ नव्हे. वादकाच्या तोंडची ओल नळीत साचते व तिने पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते. मागे राहते ते सच्छिद्र, दुबळे तांबे. असा ठिपका घासून जात नाही, उलट छिद्र पडते. तेथे ठिगळच हवे. म्हणून वाजवून झाल्यावर नळीतील पाणी काढण्याची जी चावी असते तिची स्प्रिंग व बूच आधी नीट करावे.

पोचे काढताना पितळेचा स्वभाव ध्यानी धरावा. ठोकले की ती कठीण होते, आणखी ठोकले की तडकते. मंद लाल रंग येईपर्यंत ताव दिला की पुन्हा मऊ होते. हे आपल्या घरच्या पोरासही ठाऊक असे. मात्र वाद्यास ताव देताना शेजारचे सर्व डाख सुटतात, म्हणून सुटे करता येईल तेवढे आधी सुटे करावे. नळीतील पोचा बाहेरून निघत नाही. आतून पोलादी गोळी दांडीने सरकवून तो उचलावा लागतो. नवी नळी वाकवावयाची तर आत वितळलेली राळ किंवा शिसे भरून, थंड झाल्यावर वाकवावी, म्हणजे ती चेपत नाही. नंतर ऊब देऊन भराव काढून टाकावा. कामाच्या वेळी दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात; शिशाची व जस्ताची वाफ छातीस बाधते.

येथे एका चमत्कारिक गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. आमच्याकडे आलेला एक युफोनियम गोठ्याच्या माळ्यावर अनेक पावसाळे ठेवलेला होता. त्यास कोठे आपटल्याची खूण नव्हती, तरी भोंग्यावर लांबच लांब चिरा गेल्या होत्या. ह्याचे कारण शोधता असे कळले की, ब्रिटिश फौजेस ह्याच हिंदुस्थानात हा अनुभव पूर्वी आला होता. पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडत. ठोकलेल्या वा ओढलेल्या पितळेच्या अंगात ताण राहिलेला असतो. त्यात जनावरांच्या मुताचा नवसागरी दर्प, म्हणजे अमोनिया, आणि दमट हवा मिळाली की ती तडकते. १९२१ साली इंग्लंडमधील तिघा संशोधकांनी ह्याची मीमांसा प्रसिद्ध केली. उपाय सोपा: ठोकाठोक संपल्यावर पितळेस शेवटचा हलका ताव द्यावा, आणि पितळ गोठ्यात ठेवू नये. कल्हई करताना आपण नवसागर वापरतो. त्याचा अंशही वाद्यावर राहू देऊ नये.

फुंकणारे

आतापर्यंत आम्ही घडविणारांविषयी लिहिले. पण वाद्य केवळ घडविण्याने बोलत नाही. कोणी तरी त्यात आपला श्वास ओतावा लागतो. तो श्वास कोणाचा होता, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

आपल्या भागात वाजंत्री आणि पुढे बँड वाजविणारे बहुतेक मातंग, महार, मुसलमान व इतर कष्टकरी समाजांतील होते. त्यांच्या वाजविण्यावाचून कोणाच्याही घरचे लग्न लागत नसे, आणि त्यांना मात्र मांडवाबाहेर बसून जेवावे लागे. मंगल कार्यास ज्यांचा सूर मंगल, त्यांची सावली अमंगल, असा हा न्याय होता. आपली ज्ञाती ह्या न्यायाच्या बाहेर होती असे म्हणण्यास आम्हास कोणताही आधार सापडत नाही. ज्या कॉर्नेटला आपल्या कारागिराने ठिगळ लावले, ते त्याने दुकानाच्या आत बसून लावले असेल आणि वाद्याचा धनी पायरीखाली उभा असेल, हे चित्र डोळ्यांपुढे आल्याविना राहत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली आपल्याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतर झाले, आणि विदर्भातील हजारो कुटुंबांनी गावकीची कामे, त्यात सणावारी वाजविण्याचे कामही, सोडून दिले. गावातील अनेकांस तेव्हा तो हट्ट वाटला. ज्या वाद्याबरोबर अपमान चिकटून येतो ते खाली ठेवणे हा हट्ट नव्हे, स्वाभिमान होय, हे आज आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. ज्यांनी पोटासाठी वा आवडीने वाजविणे चालू ठेवले, त्यांचा मानही तेवढाच. आमच्याकडे आलेल्या एका वाद्याच्या काठावर खिळ्याने ओबडधोबड कोरलेली तीन निरनिराळी नावे आहेत, एकाखाली एक. बहुधा एकामागून एक झालेल्या धन्यांची. तीही आम्ही तशीच ठेवली आहेत. लंडनची पेढी, अनाम कासार आणि हे तीन वादक मिळून त्या पितळेचे चरित्र पूर्ण होते.

मोडीचा तराजू

आता जे मुख्य सांगावयाचे ते सांगतो. स्वातंत्र्यानंतरच्या काळात ॲल्युमिनियम व पुढे स्टेनलेस स्टील घराघरांत शिरले आणि पितळेची घागर माळ्यावर गेली. आपल्या कित्येक कुटुंबांनी हातोडी ठेवून दुकान धरले, कित्येकांनी नोकरी. त्यात लाज मानण्यासारखे काही नाही. प्रस्तुत लेखकही खडूवरच जगला. बँडचीही तीच गत. ध्वनिक्षेपकाच्या भिंती वरातीपुढे आल्या आणि पंधरा वादकांचे काम एका यंत्राने बळकावले. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, माणसांची गर्दी पूर्वीइतकीच असते. पण त्या गर्दीत पितळी भोंगा दिसणे विरळ झाले आहे.

ही वाद्ये जातात कोठे? ती मोडीत जातात, आणि मोड विकत घेणारे तराजू पुष्कळ ठिकाणी आपल्याच ज्ञातिबांधवांचे आहेत. कॉर्नेट तराजूत टाकले तर सव्वा किलोच्या आतच भरते. त्यातून कळांचे पोलाद व स्प्रिंगा वजा जातात. उरलेल्या पितळेचे जे पैसे होतील त्यांत घरचा एका दिवसाचा बाजार निघेल. तेवढ्यासाठी शंभर वर्षांचे वाद्य, त्यावरील अक्षरे, ठिगळे व नावे एका तासात मुशीत नाहीशी होतात. हा दोष कोणा एकाचा नाही. विकणाऱ्यास पैशाची नड असते व घेणाऱ्यास त्याची ओळख नसते. पण ओळख करून देणे तर आपल्या हाती आहे!

म्हणून मोडीचा व्यवहार करणाऱ्या ज्ञातिबांधवांस आमची हात जोडून विनंती आहे. वाद्य तराजूत आले तर विकणाऱ्यास मोडीचा पुरा भाव द्या, किंबहुना दोन पैसे अधिकच द्या. पण ते लगेच ठेचू नका. एका कोपऱ्यात ठेवा, त्यावरील अक्षरे उतरवून घ्या, आणि ते कोणाचे, कोणत्या गावचे, कोण वाजवीत असे, हे विकणाऱ्यास आदराने विचारून वहीत लिहून ठेवा. आपल्या संस्थेच्या कार्यालयात एक कपाट ह्यासाठी मोकळे करता आले तर उत्तमच. दुरुस्त झालेले वाद्य मात्र कपाटात कुलूपबंद राहू नये. ज्या घरातून ते आले त्या घरी कोणी वाजविणारा असेल तर पहिला हक्क त्याचा.

दुसरी विनंती तरुणांस. झाळ कशी धरावी, राळ किती तापवावी, ताव पुरा झाला हे रंगावरून कसे ओळखावे, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते आपल्या ज्ञातीतील काही मोजक्या वृद्धांच्या हातात आहे. आता प्रत्येकाच्या खिशात चित्रे घेणारा फोन आहे. लग्नाच्या जेवणावळीची शेकडो चित्रे आपण घेतो. एक दिवस आजोबांच्या हातांचीही घ्यावीत, आणि ते बोलतात ते शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत. हातोडीच्या प्रत्येक प्रकारास त्यांच्याकडे वेगळे नाव आहे. आजोबांबरोबर ती नावेही जातील.

आमच्या नऊ वाद्यांपैकी सहा आज वाजतात, दोन दुरुस्तीत आहेत आणि चिरा गेलेला तो युफोनियम बहुधा मुकाच राहील. वाजत्या सहांपैकी चार आम्ही त्यांच्या जुन्या धन्यांच्या घरी परत पोचविली. त्यांतील एका घरचा नातू आता रोज संध्याकाळी त्यावर सराव करतो व शेजारी तक्रार करतात असे ऐकतो. शेजाऱ्यांची क्षमा मागून आम्ही एवढेच म्हणू की, ती तक्रार ऐकून आमच्या कानास बरे वाटले.

सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस ह्या वर्षीच्या संमेलनानिमित्त आमच्या हार्दिक शुभेच्छा. ज्यांच्या घरी माळ्यावर, कोठीत वा मोडीच्या ढिगात असे एखादे वाद्य असेल, त्यांनी ते संमेलनास घेऊन यावे. आम्ही आमची मोगरी व सवागीची डबी बरोबर आणणारच आहोत.